तिसरा रकाना

गेल्या जूनमधली गोष्ट. मंगळवारी सकाळी आमच्या टीमची रोजची मीटिंग चालू होती आणि व्हॉट्सॲपवर समुद्रपूरच्या शेजारच्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला. "बाबू, मधल्या खोलीत गळून राहिलं होतं. पोराले वर चढवलं, दोन कवेलू फुटले होते, बदलवले. मास्तर म्हणते का किराया एक तारखेले टाकतो. तू टेन्शन नको घेऊ."

मी हिंजवडीत, म्यूटवर. काकू समुद्रपुरात, वर्धा जिल्ह्यात, इथून रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. वीस सेकंदांत त्यांनी बिघाड सांगितला, माणूस सांगितला, दुरुस्ती सांगितली आणि किरायाची तारीखही सांगितली. आमच्या भाषेत बोलायचं तर तिकीट उघडलं, सुटलं, बंद झालं. मला फक्त कळवण्यात आलं.

घर आबाजींनी बांधलेलं. पुढे छपरी, मागे सांदवाडी, मधे तीन खोल्या किरायानं दिलेल्या. बाबांची नोकरी बाहेरगावी गेली, आबाजी गेले, आईबाबा माझ्याकडे पुण्यात आले. घर तिथंच राहिलं आणि काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं. हे काम आहे, असं त्यांनी कधी म्हटलं नाही, म्हणून आम्हीही कधी म्हटलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलानं सांगितलं की आईचे गुडघे गेले आहेत, तो तिला हिंगणघाटला घेऊन जाणार आहे. मग मी कोणताही इंजिनियर करेल तेच केलं. सेवा शोधली.

पुण्यात अशा सेवा ढिगानं मिळतात. भाडेकरू शोधणार, पोलिसांकडे माहिती देणार, करार नोंदवणार, भाडं वसूल करणार, नळ गळला तर प्लंबर पाठवणार, तीन महिन्यांनी घराचे फोटो पाठवणार. मी समुद्रपूरचा पिनकोड टाकला. सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही. त्या कामांची यादी मात्र स्क्रीनवर तशीच होती. ती मी दोनदा वाचली. त्यातलं एकही काम असं नव्हतं जे काकू करत नव्हत्या.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा घराची कागदपत्रं काढली. ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ चा उतारा होता. घरपट्टीची ती नोंद ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, त्यात एक रकाना मालकाच्या नावाचा असतो आणि एक भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा. मालक आबाजी. भोगवटादार खुद्द. संपलं. मालकही नाही आणि राहतही नाही, पण ज्याच्यावाचून घर उभं राहत नाही, त्या माणसासाठी तिसरा रकाना नाही.

डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला अशी गोष्ट खटकते. टेबलात रकाना नसला की ती माहिती जगात नाहीच, असं हळूहळू सगळ्यांना वाटायला लागतं. हा तिसरा माणूस कधीच कागदावर नव्हता का? शोधायला लागलो, तर होता. आपल्याच भागात होता.

मुकद्दम गुमास्ता

१८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. तेव्हा जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी हे तीनच तालुके होते, समुद्रपूर हिंगणघाटात मोडायचं. आज तालुके आठ आहेत आणि समुद्रपूर त्यातला एक.

पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. आपल्याकडे मालगुजारी. आधी जो गावाचा वसूल गोळा करून देणारा मक्तेदार होता, त्याला इंग्रजांनी बंदोबस्त करताना गावाचा मालक करून टाकलं. सारा त्यानं भरायचा, कुळांकडून वसूल त्यानं करायचा. गावठाणही त्याच्याच मालकीत आलं.

आता गंमत बघा. मालगुजार गावात राहीलच असं नव्हतं. एकेकाच्या नावावर अनेक गावं असायची, काही मालगुजार म्हणजे शहरातल्या सावकारी पेढ्याच होत्या. आपण ज्याला सेवाग्राम म्हणतो त्या शेगावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती आणि ते स्वतः राहायचे वर्ध्याला. म्हणूनच १९३६ मध्ये गांधीजींना तिथं वसायला जागा सहज मिळाली.

गावाचा कारभार बघणारा तो मुकद्दम. पण मुकद्दमच गावात राहत नसेल तर? मध्य प्रांताच्या जमीन महसूल कायद्यानं त्याचं उत्तर दिलं होतं. अशा वेळी गावात राहणारा प्रतिनिधी नेमायचा, त्याचं नाव मुकद्दम गुमास्ता. म्हणजे मालक दूर असणं ही अडचण पुण्यातल्या नोकऱ्यांनी जन्माला घातलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारनं ती ओळखली होती आणि बदली माणसाला नाव दिलं होतं, जबाबदारी दिली होती.

सरकार स्वतःही हे काम करायचं. मालक अज्ञान असेल किंवा मालमत्ता सांभाळायला असमर्थ असेल, तर कोर्ट ऑफ वॉर्ड्स त्याची इस्टेट ताब्यात घेऊन चालवायचं. १८९९ चा त्याचा मध्य प्रांतापुरता वेगळा कायदाच होता. मोठ्या घराण्यांकडे दिवाणजी, मुनीम, कामदार, मुखत्यार अशी रांग. सांभाळणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे इतके शब्द होते!

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. योग्यच झालं, कारण त्या व्यवस्थेत कुळानं काय सोसलं हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. पण मालगुजाराबरोबर गुमास्ताही कागदावरून गेला आणि त्याच्या जागी कोणीच आलं नाही.

बॉयकॉट साहेब आणि ऑक्टेव्हिया बाई

ही गोष्ट फक्त आपलीच नाही. तुम्ही दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या सिनेमासाठी जो बॉयकॉटचा हॅशटॅग बघता, तो शब्द एका प्रॉपर्टी मॅनेजरचं आडनाव आहे.

आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नची जमीन होती. लॉर्ड तिथं राहत नसे, त्याचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० मध्ये पिकं बुडाली. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, मालकानं दहा टक्के देऊ केली, आणि बॉयकॉटनं न भरणाऱ्यांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. गावानं त्याला हात लावला नाही. फक्त त्याच्याशी व्यवहार बंद केला. मजूर येईनात, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी त्याचं पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या संरक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलीस. डिसेंबर उजाडेपर्यंत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. शब्द राहिला.

त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८६५ मध्ये, लंडनमध्ये उलटा प्रयोग सुरू झाला होता. ऑक्टेव्हिया हिल नावाच्या सव्विसाव्या वर्षातल्या बाईंनी मॅरिलबोन भागातली तीन मोडकळीला आलेली घरं चालवायला घेतली. पैसे गुंतवले जॉन रस्किननं आणि गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा ठरला. त्यांची पद्धत साधी होती. दर आठवड्याला दारोदार जाऊन स्वतः भाडं घ्यायचं. थकबाकी चालवून घ्यायची नाही, पण जिना मोडला असेल तर तो त्याच भेटीत बघायचा. दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे वर्षअखेर उरले तर ते भाडेकरूंच्याच सोयीसाठी वापरायचे. पुढे त्यांनी या कामासाठी बायकांना शिकवून तयार केलं. घर सांभाळणं हा शिकून करायचा व्यवसाय आहे, ही कल्पना रुजली त्यात या बाईंचा वाटा मोठा.

बॉयकॉट आणि ऑक्टेव्हिया, दोघंही दुसऱ्याच्या घराचं भाडंच गोळा करत होते. फरक इतकाच की एकाला फक्त मालकाचं ऐकू येत होतं आणि दुसरीला दोन्हीकडचं. हे वाचताना मला आठवलं की काकू किराया घ्यायला जात नाहीत, लोणच्याची वाटी परत आणायला जातात. किराया सोबत येतो.

बदलीचं गाव

समुद्रपुरात किरायेदार येतात कुठून? इथं ना मोठी गिरणी, ना विद्यापीठ. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा जाम चौक जवळ, गिरडची फरीदबाबांची टेकडी तालुक्यात, भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद तालुक्यातली. यातलं काहीच किरायेदार आणत नाही. किरायेदार आणते ती बदली.

तालुका म्हटला की तहसील, पंचायत समिती, कृषी कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, बँक आणि शाळा. या प्रत्येक खुर्चीवर बसणारा माणूस बाहेरून येतो आणि काही वर्षांनी जातो. सातव्या वेतन आयोगानं घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग कायम राखले आणि सुरुवातीला २४, १६ आणि ८ टक्के असे दर ठेवले. आपलं गाव शेवटच्या वर्गात. पण तो आठ टक्केवाला माणूस दर महिन्याला पगार मिळणारा आहे, म्हणून तो घरमालकाचा लाडका. आबाजींच्या वहीत किरायेदारांची नावं नाहीतच, खाती आहेत. 'तलाठी', 'कंपाउंडर', 'बँक', 'शाळा-गणित'. एका पानावर 'शाळा-गणित' खाली लिहिलंय, 'चुना स्वतः मारला, किरायातून वजा.'

आबाजींना ठाऊक होतं की नाही माहीत नाही, पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये हेच आहे. जी दुरुस्ती मालकानं करायला हवी ती कळवूनही त्यानं केली नाही, तर भाडेकरूनं ती करावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापून घ्यावा. आणि तो प्रसिद्ध ११ महिन्यांचा करार? तो १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे आला. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून सगळ्या देशानं एक महिना कमी करून टाकला. शंभर वर्षांहून जुनं वर्कअराउंड आहे ते, अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

कुलूप

मग घरमालक घाबरायला कधी लागले? दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरं मिळेनाशी झाली, फाळणीनंतर निर्वासित आले. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारच्या सरकारनं १९४६ च्या कायद्याखाली १९४९ मध्ये भाडेनियंत्रण आदेश काढला. त्यानुसार भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. ती मिळाली की मग दिवाणी दावा. म्हणजे दोन दारांतून दोनदा जायचं. शिवाय जिथं तो भाग लागू होता तिथं घर रिकामं होणार असेल तर सात दिवसांत कळवायचं आणि जिल्हाधिकारी ते सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला द्यायला सांगू शकत.

त्या काळात हे गरजेचं होतं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला बाजारावर सोडून चालत नाही. पण आदेश निघाला आणि राहिला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि तरी नागपूर-वर्ध्याकडे सी.पी. अँड बेरारचा आदेश, मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई कायदा आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा असं तीन राज्यांचं भूत एका राज्यात चाळीस वर्षं नांदलं. मुंबईत तर भाडी १९४० च्या आकड्यांवर गोठली होती. अशी गोठवणूक आता वाजवी राहिली नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे गेले. परिशिष्टांत दिलेल्या भागांसाठी त्यानं भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, आणि करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली.

समुद्रपुरासारख्या गावात मात्र कायद्यापेक्षा त्याची भीती आधी पोचली आणि नंतर गेलीही नाही. 'नागपूरले एकाचं घर गेलं' ही एक कहाणी पुरते. 'किरायेदार ठेवाल तर घर जाईल', म्हणून कुलूप. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आकडे आहेत. भारतीय शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. रिकाम्या घरांत महाराष्ट्र देशात पहिला, वीस लाखांहून जास्त. एकीकडे खोली शोधणारे आणि दुसरीकडे कुलपं, असा हा हिशेब आहे. मधे विश्वासाचा माणूस नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. तो राज्यांसाठी नुसता नमुना आहे, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. पण त्यातली एक गोष्ट वाचून मी लॅपटॉपसमोर सरळ बसलो. त्यात 'प्रॉपर्टी मॅनेजर'ची व्याख्या आहे, कर्तव्यांची यादी आहे. पावती देऊन भाडं घेणं. मालकाच्या वतीनं आवश्यक दुरुस्ती करणं. अधूनमधून जागा बघणं. भाडेकरूला नोटीस देणं. दोघांतला वाद मिटवायला मदत करणं. आणि मालक असो की मॅनेजर, त्यानं पाणी-वीज तोडायची नाही.

मुकद्दम गुमास्त्यानंतर सत्तर वर्षांनी तिसरा रकाना परत आला होता. निदान नमुन्यात.

काकूंचा कागद

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. मनात हिशेब तयार होता. किरायाचे दहा टक्के, दर महिन्याला, आणि अकरा वर्षांची काहीतरी रक्कम. मी तो बोलून दाखवला. अगदी प्रेझेंटेशन दिल्यासारखा.

काकू बराच वेळ तूर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पैसे दे बाप्पा, मी नाही काऊन म्हणू? पण मले एक कागद दे. त्याच्यावर माह्यं नाव पाहिजे."

"कसला कागद, काकू?"

"का हे घर मी पाहते म्हणून."

मला वाटलं, हिंगणघाटला जायच्या आधीची आठवण म्हणून मागतायत. तसं नव्हतं. काका जाऊन नऊ वर्षं झाली. त्या ज्या घरात राहतात ते काका आणि त्यांच्या दोन भावांच्या नावावर आहे. काकूंचं नाव त्यावर कधी चढलंच नाही. २००३ मध्ये ग्रामविकास विभागानं आदेश काढला होता की नमुना ८ वर घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावावं. त्याआधी, नव्वदच्या सुमारास, शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करून द्या असं याच विदर्भातल्या गावागावांत सांगितलं होतं. काकूंनी त्या सभेला गेल्याचंही सांगितलं. "काका म्हणे, करू. मंग राहून गेलं."

मुलानं हिंगणघाटला न्यायचं ठरवलं त्यामागे गुडघे होतेच. पण दिरांना घर विकायचं होतं, हेही होतं.

अकरा वर्षं आमच्या घराचं कुलूप, किल्ली, कवेलू, किराया सांभाळणाऱ्या बाईंचं स्वतःच्या घराच्या कागदावर नाव नव्हतं, आणि मी त्यांच्यासमोर दहा टक्क्यांचं गणित मांडत होतो. तिसरा रकाना नाही म्हणून मी हळहळत होतो. त्यांना पहिलाच मिळाला नव्हता.

त्या सुट्टीत घर विकायची गोष्ट मी बोललो नाही. खरं तर तेच ठरवायला गेलो होतो. दलालाशी फोनवर बोलणंही झालं होतं.

आम्ही दोन कागद केले. पहिला आमच्या घराचा. वकिलांनी साधा करार लिहून दिला, देखरेखीचा. त्यात कामं आहेत, मोबदला आहे, आणि दुरुस्तीवर किती रक्कम काकूंनी मला न विचारता खर्चायची ती मर्यादा आहे. दुसरा कागद काकांच्या वारसनोंदीचा अर्ज. मृत्यूचा दाखला, जुना उतारा, प्रतिज्ञापत्र. तो नगरपंचायतीत दिलाय. दिरांनी हरकत घेतली तर वेळ लागेल. घेतील असं वाटतं. गुडघ्यांचे उपचार हिंगणघाटला चालू आहेत, पण काकू मुक्कामाला परत येतात. घर सोडलं की हक्क सुटतो असं त्यांना वाटतं. कायद्यानं तसं नसतं, हे वकिलांनी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळच्या बसनं परत आल्या.

आमच्या करारावर सही करण्याआधी त्यांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. सगळा. 'दरवर्षी किराया वाढवण्याचा अधिकार मालकास राहील' इथं थांबवलं.

"हे खोडून टाक."

"काकू, हे सगळ्या करारांत असतं."

"असू दे. मास्तराची पोरगी दहावीले आहे. मार्चपर्यंत वाढवायचा नाही. मार्च झाल्यावर मी सांगतो तुले किती वाढवायचा ते."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पेनानं ते वाक्य खोडलं, बाजूला दुसरं लिहिलं आणि खोडलेल्या जागी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. काकूंनी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, सासरचं, सावकाश, एकही अक्षर न जोडता.